पहिली ओवी शालूच्या घरची

कोष्टी आळी,
भाद्रपद वद्य एकादशी, १९४६

प्रिय शालू,

हे पत्र हातात पडलं की आधी दार लावून घे, मग वाच. नवऱ्याकडून, बाळासो भावजींकडून, वाचून घेऊ नकोस. वडूजच्या शाळेत चौथीपर्यंत आपण एकाच सतरंजीवर बसलो, मास्तरांच्या छड्याही वाटून खाल्ल्या, तेव्हा वाचता येत नाही ही सबब माझ्यापुढे चालायची नाही. अक्षर वाकडं आलंय ते समजून घे. तू गेल्यापासून माझा हात कमी आणि गळाच जास्त चालला. कसा ते पुढे सांगते.

आधी आळीची हालहवाल. लढाईत सुताचा कंट्रोल आला आणि आळीची मान मुरगळली गेली, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. लढाई संपून वर्ष झालं, पण सूत काही परतलं नाही आणि सुतापायी गिरणीवर गेलेले पुरुषही परतले नाहीत. ज्या रस्त्यात आपण ताणा पसरून खळ लावायचो आणि तुझा पाय हमखास त्यात अडकायचा, तिथं आता गुडघ्याएवढा टाकळा वाढलाय. घराघराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. जाताना प्रत्येकीनं 'मने, सणावाराला तेवढा दिवा लाव गं' म्हणून आपली किल्ली माझ्या हातात ठेवली. चालताना इतक्या खुळखुळतात की कुणाला वाटावं, पाटलीणबाईच निघाल्या! किल्ल्या सगळ्या माझ्याकडे आणि कोंडलेली मीच. शेवटच्या घरातली बहिरी बनाबाई तरी होती सोबतीला. शिमगा झाला, तिचा अर्जुना आला आणि म्हातारीला आष्ट्याला घेऊन गेला. तेव्हापासून आळीत चूल पेटते ती एकटी आमची.

तुला आपलं गाणं आठवतं का गं, त्या गिरणीच्या कल्लोळात? दुपारी सुताच्या कांड्या भरायला बसलं की आळीच्या तोंडाशी असलेल्या तुझ्या घरातून तू उचलायचीस,

माझ्या घरचा धोटा गं गेला तुझ्या दारी,
शेजी, तू धर त्याला, धाड पुढल्या घरी.

मग मी धरायची, माझ्याकडून पलीकडची, असं मागात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यासारखं भिंतींवरून उड्या मारत गाणं बनाबाईपर्यंत जायचं. तिला ऐकू यायचं नाही, सून कोपरानं ढोसायची आणि म्हातारी दचकून सुरू व्हायची. ज्या घराची ओवी त्या घरानंच म्हणायची. घर बंद झालं तर शेजारणीनं सांभाळायची. पण पहिली ओवी तुझ्या घराची. ती उचलल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. आळीत कुणी मेलं तरच दुपार मुकी जायची. सुताचे हाल झाले तशा ओव्याही बदलत गेल्या. शकुंतला आळी सोडून गेली, त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून तिनं जोडली होती,

कोळ्यानं जाळं विणलं, माग माझा गेला,
सांगलीच्या भोंग्यानं गं धनी माझा नेला.

मग रीतच पडली. जाणारी प्रत्येकजण एक ओवी मागं ठेवून गेली. आळी रिकामी होत गेली आणि गाणं लांबत गेलं. तू तेवढी काही जोडलं नाहीस. 'माझी हाय तशीच ऱ्हाऊ दे, म्या परत येनार हाय,' असं म्हणालीस आणि मागं न बघता गाडीत बसलीस. मला तेव्हा तुझा राग आला होता. येणार नाहीस हे तुलाही माहीत होतं.

तू गेलीस त्या आषाढात आमचे तात्या हिवतापानं आडवे झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यात हा ताप. सासरे म्हणून नव्हे, पण त्या माणसानं मला कधी 'अगं'च्या वर आवाज चढवला नाही, हे तुला माहीत आहे. दिवसभर ग्लानीत असायचे आणि दुपार झाली की विचारायचे, "आळी गप का गं? पोरी गात का न्हाईत?" बाकीच्यांच्या मागोमाग तूही नुकतीच गेली होतीस, तापात त्यांना पत्ता नव्हता. सांगायचा धीर झाला नाही. मी किल्ली घेतली, तुझ्या घरात शिरले आणि नाक चिमटीत धरून तुझी ओवी म्हटली. रागावू नकोस, तुझा आवाज काढायचा तर नाक धरावंच लागतं! मग परसातून धावत घरी येऊन आपली म्हटली. पलीकडची पुढं तिच्या घरात जाऊन. बनाबाईच्या दाराशी पोचले आणि तिला ढोसलं. परत आले तर तात्या उठून बसले होते. पेज मागितली. म्हणाले, "आळी हाय. मग मीबी हाय."

तिथंच सारं चुकलं. कारण ते दुसऱ्या दिवशीही दुपारची वाट बघत बसले, आणि तिसऱ्या दिवशीही. पुरुष गिरणीवर गेलेत हे त्यांना ठाऊक होतं. बायका मात्र घरोघरी आहेत, अशी समजूत पक्की झाली. गावातलं कुणी आळीत फिरकत नाही आणि फिरकलंच तर मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावते. तात्या काठी टेकत मागाच्या खड्ड्यापर्यंत जातात, पाय खाली सोडून बसतात आणि सूत नसलेला माग चालवतात. नुसती फळी खाली-वर, खटक-खटक. गाणं आपल्या घराशी आलं की मान डोलावतात. मी मागल्या पडवीत कांड्या भरते असं त्यांना वाटतं, आणि मी टाकळा तुडवत या घरातून त्या घरात पळत असते. एकदा म्हणाले, "लय धाप लागतीया तुला. अडुळशाचा काढा घे." हसावं की रडावं कळेना. काढा घेतला.

सुरुवातीला मजाही वाटायची, खोटं कशाला बोलू? शकुंतलेचा तो किनरा आवाज, आळशी चारुलतेचं ते ओवी अर्ध्यात सोडून जांभई देणं, सगळं मला यायला लागलं. पण शाले, दोन वर्षं दररोज दुसऱ्यांच्या बंद घरात उभं राहून गाऊन बघ. माझी स्वतःची ओवी म्हणताना मला कळेनासं झालं की हा आवाज कुणाचा. ह्यांची पत्रं यायची, 'बाळासोनं ओळखीनं खोली मिळवून दिली आहे, तात्यांना घेऊन ये.' मी वाचून दाखवायची. तात्या शांतपणे म्हणायचे, "भरली आळी सोडून कोण जातं? सगळ्या पोरी ऱ्हायल्यात, आपुनच पळायचं व्हय?" येसण मीच ओवली आणि मीच माझ्या नाकात घातली. आपलं माणूस सांगलीत हातानं भाकरी थापतंय आणि मी इथं भुताटकी करत फिरतेय. रडू यायचं, पण रडायलाही वेळ नसायचा. पुढच्या घराची ओवी थांबलेली असायची.

आता वाईट ते सांगते. गौरी गेल्या आणि तीन-चार दिवस पावसानं झोडपून काढलं. त्या दुपारी तुझ्या घराशी गेले, तर आढं खाली आलेलं. तुमचा माग कौलांखाली गाडलाय गं. दार आतून अडकलं होतं, उघडेना. मी तशीच पावसात उभी राहिले. बाहेरूनही ओवी म्हणता आली असती. पण तोंडच उघडलं नाही. पहिली ओवी नाही म्हणून पुढची नाही, माझीही नाही. भिजून घरी आले, तर तात्या मागावर ताठ बसलेले, फळीवरचा पाय थांबलेला. म्हणाले, "शालीच्या घरातनं हाक न्हाई आली आज. कोण गेलं गं?"

माहेरी गेली म्हणता आलं असतं. सांगलीला गेली म्हटलं असतं तर ते खरंच होतं. आणि शाले, माझ्या तोंडून निघालं, "व्हय तात्या. शालूच गेली."

मी असं का म्हणाले, ते रोज स्वतःला विचारते. दमले होते. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तुझा आवाज नकोसा झाला होता, तुझाच सगळ्यांत जास्त. तू गाडीत बसून निघून गेलीस आणि तुझा आवाज माझ्या मानेवर ठेवून गेलीस. हे लिहिताना लाज वाटते, पण तुझ्यापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी?

तात्यांनी पाय खड्ड्यातून वर घेतले. चाचपडत मागल्या दारी गेले आणि गार पाण्यानं अंघोळ केली. रात्री जेवले नाहीत. "माझ्या आधी गेली पोर," एवढंच म्हणत राहिले. तू नवी नवरी असताना त्यांच्या ताण्यात पाय घालून सगळे धागे तोडलेस आणि मारतील म्हणून आमच्याच कणगीआड लपलीस, ते त्यांनी मला पुन्हा सांगितलं. मी तिथंच होते हे विसरून सांगितलं. कितीदा तोंडाशी आलं, पण गिळलं.

परवा अविधवा नवमी झाली. तात्या म्हणाले, सवाष्ण गेली, तिच्या नावानं घास ठेव. मी म्हटलं, वर्षाच्या आत ठेवत नाहीत. तर म्हणाले, "तिच्या घरचं हितं कोन हाय ठेवायला? तू ठेव." मी भात रांधला. तुला आवडते तशी अळूची भाजी केली. मेलीच्या नावानं नव्हे, जिवंत मैत्रिणीच्या नावानं पान वाढलं आणि पडवीवर ठेवलं. कावळा येईना. शेजारच्या लिंबावर बसून नुसता बघत होता. येईल कसा? तू तिथं सांगलीत भाकरी खात असशील! तात्या म्हणाले, "इच्छा ऱ्हायली असंल. तिला ओवीची काळजी." आणि उभे राहून, हात जोडून, त्या माणसानं तुझी ओवी म्हटली. आजवर आपल्या आळीत कधी पुरुषानं ओवी म्हटली नव्हती. आवाज फाटत होता, चाल चुकत होती. 'शेजी, तू धर त्याला' म्हणताना ते थांबले, आणि कुणीच धरलं नाही. मी शेजारी उभी होते शालू, माझंच घर होतं पुढचं, आणि माझ्याच्यानं धरवलं नाही.

मग कावळा शिवला. भुकेला असेल बिचारा. तात्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आळीचं तोंडच मिटलं. आता हितं काय? माझ्या कृष्णाताला लिव्ह, येऊन न्हे म्हनावं." दोन वर्षं ज्या शब्दांसाठी नवस बोलले, ते शब्द आले, आणि मी उंबऱ्यात कमरेच्या किल्ल्या मोजत बसले.

तर पत्र कशासाठी लिहिलं ते आता सांगते. अमावास्या झाली की, घट बसायच्या दिवशीच हे आम्हाला न्यायला येतील, तसं कालच त्यांना लिहिलंय. कऱ्हाडपर्यंत मोटारीनं, पुढं आगगाडीनं. आणि आमची खोली तुझ्या भिंतीला भिंत लागून आहे. तात्यांचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. तू नुसती खोकलीस तरी ओळखतील. म्हणून पाया पडते, आम्ही उतरू तेव्हा 'मने' म्हणून ओरडत धावत येऊ नकोस. माझ्या ह्यांना आणि भावजींनाही तूच काय ते समजावून ठेव. तात्या पडवीत बसले असतील तेव्हा हळू बोल. मी सांगेन त्यांना. जरा रुळू देत, मग सांगेन. पण हे लिहितानाच मला माझी ओळख पटते. आळीतही दोन वर्षं मी रोज उद्याच सांगणार होते. भिंतीच्या त्या बाजूला तू जिवंतपणी मुकी आणि या बाजूला मी, असेच दिवस काढत राहू आपण. तेव्हा असं कर. दसऱ्यापर्यंत वाट बघ. तोवर माझ्या हातून झालं नाही, तर एखाद्या दुपारी भिंतीशी बस आणि गा, मोठ्यानं, नाकातून, तुझ्या सवयीनं. तात्या मला काय म्हणतील, पुन्हा माझ्या हातचं पाणी घेतील की नाही, ते मी बघून घेईन. पण सुरुवात तूच कर. पहिली ओवी तुझ्या घरची आहे. ती आल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
मनू