विलंबाचे कारण

६ ऑक्टो., सोम.
शाळेच्या कम्प्युटरवर काल नवी सिस्टीम टाकली. रविवार गेला, पण चकाचक झालं. आजपासून हंगामी वसतिगृहाची यादी. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं, चोवीस नावं. सात-आठ नावं टाकली की प्रोग्राम बंद. 'मेमरी पुरेशी नाही.' अरे बाबा, परवापर्यंत पुरत होती ना?

७ ऑक्टो.
रॅम काढली, खोडरबरने घासली, फुंकर मारून बसवली. आपला ठरलेला उपाय. फरक शून्य. मुख्याध्यापक मॅडम म्हणाल्या, "यादी तालुक्याला, केजला नेऊन भरून घ्या ना कुणाकडून." मी म्हणालो, "मी असताना?" स्टाफ हसला. मलाही बरं वाटलं.

८ ऑक्टो.
सातवीतल्या आरतीची आई आली, शारदाबाई. "सर, मुकादमाची गाडी शनिवारी हाय. यादीत नाव लागलं तर पोरीला ठिवून जाते. न्हाई तर घरी कोन हाय तिला बघायला?" बाकीच्यांच्या गाड्या दिवाळीनंतर, हिचीच आधी. म्हणालो, सर्व्हर डाऊन आहे, वरूनच. सहज गेलं तोंडातून. आलेल्या प्रत्येकाला हेच सांगतो मी. या यादीचा न् सर्व्हरचा काही संबंध नाही. ती "बरं" म्हणून गेली.

१० ऑक्टो.
केजहून दुसरी रॅम आणली. तेच. एक जीबी मोकळी दिसते, तरी पुरत नाही म्हणतो. मॅडमनी परत केजचं काढलं, वसकन ओरडलो त्यांच्यावर. शारदाबाई दुपारभर व्हरांड्यात बसून होती. मी मान वर केली नाही.

११ ऑक्टो., शनि.
गाडी गेली, शाळेसमोरूनच. आरती वर सामानावर बसलेली, दप्तर मांडीवर. मी खिडकीत होतो. आत सरकलो.

१३ ऑक्टो.
सापडलं. लाज वाटते म्हणूनच लिहून ठेवतो. नवी सिस्टीम टाकल्यावर डिस्क भरत आली, लाल पट्टी दिसायला लागली, म्हणून कुठल्याशा व्हिडिओत बघून व्हर्च्युअल मेमरी बंद केली होती. रॅम कमी पडली की डिस्कवरची जी जागा वापरतात, तीच. मीच बंद केलेली. विसरूनही गेलो. चालू केली, रीस्टार्ट, तेवीस नावं धडाधड. आरतीचं टाकता येईना, गावात हजर असलेल्यांचीच घ्यायची. आठवडाभर रॅम घासत बसलो गाढवासारखा. मॅडमना एवढंच सांगितलं, झालं दुरुस्त.

१५ ऑक्टो.
शारदाबाईचा फोन, उसाच्या फडावरून. "सर, सर्वर आला का?"
आला, म्हणालो.
"मग आता लागंल का नाव? माजा भाऊ येतोय दिवाळीला, त्याच्यासंगं धाडते पोरीला. तुमी लई खटपट केली, सर. तुमचा काय दोष."
सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तिनेच फोन ठेवला.

१६ ऑक्टो.
आरतीचा पुरवणी अर्ज भरला. उद्या केजच्या शिक्षण कार्यालयात स्वतः नेतो. साहेब घेतील, न घेतील. शेवटी एक रकाना आहे, विलंबाचे कारण. मॅडम म्हणाल्या, "सर्व्हर डाऊन लिहा, लगेच घेतात. कोण बघतंय?" घेतीलही. खरं लिहिलं तर साहेब अर्ज घेतील की मला उभं करून हसतील न् परत पाठवतील, आणि त्यात पोरीचं वर्ष...
बाकी सगळं भरून झालं, मॅडमची सहीसुद्धा. तो रकाना अजून तसाच आहे.