माझी समाधी आणि तुझे गुडघे

श्री नागनाथ प्रसन्न
मु. साखरा, आषाढ वद्य नवमी

चि. सौ. सिंधूबाईस थोरल्या बहिणीचा, मंजुळाचा, पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझी, लेकरांची आणि नव्या म्हशीची तब्येत कळव. तुझ्या मालकांना माझा नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. (लागलंच तर त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं बायकांचं आहे. आबांनी आपल्या दोघींना पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, त्याचा असा उपयोग होईल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.)

सिंधे, मला समाधी लागते असं साऱ्या गावात झालं आहे. चैत्रात शेजारची शकुबाई तर माझ्या पाया पडली. हसशील तर बेतानं हस, कारण हसण्याचंच तर हे सगळं दुखणं आहे. पाचव्या बाळंतपणानंतर मला शिंकेची धास्ती बसली. आधी एखादा थेंब, मग वय झालं तसं शिंकलं की लुगडं बदला, खोकलं की बदला, हंडा उचलला की बदला. घरात मिरच्या कुटायला काढल्या की मी शेताकडे पळायचे. माहेरी माझ्या फुगडीपुढे कोणी टिकत नव्हतं, ती मी मागच्या पंचमीला गुडघे दुखतात म्हणून म्हाताऱ्यांच्या रांगेत पारावर बसून राहिले, आणि घरी येऊन रडले. आपण लेकरं जन्माला घालायची आणि वर हसणंही सोडायचं, याचा मला फार राग आला होता.

आता तुझ्या दाजींचं ऐक. शिवरात्रीला ते औंढ्याच्या जत्रेत बैल घ्यायला गेले आणि कोण्या गोसाव्याकडून मूलबंध शिकून आले. (बैल राहिलाच.) तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर मांडी घालून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं समजावतात: लघवी रोखावी तसं खालून आवळायचं, वर ओढायचं, पोट-मांड्या ढिल्या ठेवायच्या, श्वास कोंडायचा नाही, मग सैल सोडायचं, की शक्ती जागी होते. शक्तीचं नागनाथाला ठाऊक, दाजी मात्र बसल्या बसल्या घोरतात. मी आत जात्यावर होते. मनात आलं, हे आवळतात ती जागा तर माझी बिघडली आहे. लेकरांच्या वाटेवरचं मांस ताणून ताणून बाजेच्या सुंभासारखं ढिलं पडलं. बाजेचा सुंभ आपण आवळतो, मग हे का नाही आवळायचं?

होळीला मी सुरू केलं. दळताना, धार काढताना, भाकरी थापताना, कोणाला पत्ताही लागत नाही. पण पहिल्यांदा मला डोळे मिटल्याशिवाय आणि ओठ दाबल्याशिवाय आवळता येईना, आणि मारुतीच्या देवळात एकादशीच्या कीर्तनाला बसले असताना शकुबाईनं माझं तोंड बघितलं. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन दारात. "माय, तुमाला समाधी लागून राहिली. आमाला बी मंत्र द्या." पायाच सोडीना, तेव्हा मी तिला खरं ते कानात सांगितलं. तिनं पाय सोडले. मग हळूच म्हणाली, "म्हंजे तुमचे बी गुडघे न्हाईत दुखत?"

बाई गं, पारावरच्या त्या रांगेत एकीचाही गुडघा दुखत नव्हता. आता एकादशीला आमच्याकडच्या झाडून साऱ्या बायका डोळे मिटून, ओठ दाबून कीर्तन ऐकतात. बुवा हरखून गेले आहेत. असा भाविक गाव निजामाच्या मुलखात दुसरा नाही म्हणतात, आणि कीर्तन लांबवतात.

मृग लागला तसा मला फरक कळला. परवा नातवाच्या बारशाला विहीणबाईंनी, चंद्रभागाबाईंनी, चारचौघींत माझा हात धरला. "खेळता का फुगडी, का दुखतेत गुडघे?" मी पदर खोचला. सिंधे, अशी फिरले, अशी फिरले, की बांगड्या वाढल्या, पण लुगडं कोरडं. विहीणबाईच मधे थांबल्या आणि गुडघे धरून खाली बसल्या. मी वाकून त्यांच्या कानाला लागले. आता त्या मला विहीण म्हणत नाहीत, ताई म्हणतात.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, तो असाच घट्ट आवळून धर.

तुझी ताई
मंजुळा

ता. क. तीन वर्षं झाली, पंचमीला तू आली नाहीस. दरवेळी गुडघे. आपली आई केस पिकल्यावरही औंढ्याला पायी जायची, आपल्या घराण्यात गुडघे कोणाचे दुखले? तुझं धाकटं लेकरू अडलं होतं, ते मी विसरले नाही. ये. खेळू नकोस वाटलं तर माझ्याशेजारी पारावर बस, दोघी मिळून समाधी लावू. आणि अंग खाली उतरल्यासारखं वाटत असेल तर माझ्या समाधीच्या भरवशावर राहू नकोस. हिंगोलीत बायकांना तपासणारी डॉक्टरीण बसते. दाजींना बाजाराला जातो म्हणून सांगू, मी तुझा हात धरून बसेन.

दुसरा ता. क. येताना जास्तीचं लुगडं आण, मीही एक जवळ ठेवते. आज सकाळी दाजी मूलबंधात घोरता घोरता ओट्यावरून खाली आले. मला हसू आवरलं नाही, आणि बाकीचंही.