पत्रकातली तिसरी ओळ

कोल्हार,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मोनिका,

बोर्डिंगच्या न्हाणीघरात आपण परकर छातीशी बांधून अंघोळ करायचो, आठवतं? बाहेरून सिस्टर सांगायच्या, "अंगाकडे बघत बसू नका, मुलींनो." तू हळूच म्हणायचीस, "बघायला आहे काय?" मग दोघी तोंडात टॉवेल कोंबून हसायचो.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक.

आमच्या महिला संस्थेचं स्तनांच्या कर्करोगाचं माहितीपत्रक सोपं करायचं काम माझ्याकडे आलं. जुनंही मीच लिहिलेलं. बारीक टाइप, वर अध्यक्षांचा फोटो आणि तिसरी ओळ: 'वक्षभागाचे नियमित स्वयंनिरीक्षण करावे.' केवढा अभिमान होता मला त्या ओळीचा!

शनिवारी बचत गटातल्या बायकांना ते वाचून दाखवलं. छबूबाई म्हणाली, "बाई, हे आमाला सांगताय का वकिलाला? कुठं बघायचं ते नीट सांगा की."

"बाईंना लाज वाटतीय," दगडाबाई म्हणाली. "नातवंडं झाली तरी!"

सगळ्या हसल्या. मीही. तिथेच बसून मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आरशासमोर उभ्या राहा. तीन बोटं सपाट ठेवून दोन्ही स्तन आणि काखा चाचपा.' फोटोच्या जागी चित्र टाकायचं ठरवलं.

"आता करून दावा," छबूबाई म्हणाली.

मी पदराखालून बोटं ठेवली. डावीकडे, काखेजवळ. आणि बोलायची थांबले.

बोराएवढी गाठ आहे. दुखत नाही. नव्या पत्रकात खाली मीच लिहिलंय, 'दुखत नाही म्हणून थांबू नका.'

"काय झालं, बाई?"

"काही नाही गं. पदराची पिन टोचली."

चार दिवस झाले. पत्रक छापूनही आलं. डॉक्टरांचा नंबर तीनदा लावला, तीनदा कापला. अंघोळ अजून परकर बांधूनच करते. मोनिका, मला फार भीती वाटते गं. आज चौथ्यांदा फोन लागला. सोमवारी नगरला बोलावलंय. रविवारी मुक्कामाला ये. एकटीने गेले तर मी दारातूनच परत फिरेन.

जालिंदरच्या टेम्पोतून पत्रकांचा गठ्ठा पाठवतेय. पन्नास तुझ्या चर्चच्या बायकांना. वीस शाळेतल्या मावश्यांना. पाकिटात माझ्या मोत्यांच्या कुड्या आहेत, त्या माझ्या सूनबाईला, पूजाला. पण आत्ता देऊ नकोस, कदाचित मीच परत मागेन. छबूबाईला पिनेचं खरं काय ते सांगायचंय. मला जमलं नाही तर तू सांग.

आणि एक पत्रक तुझं. घडी घालून ठेवू नकोस. दार लाव, परकर सोड आणि आरशात बघ.

वाट बघणारी, तुझी
शुभांगी