रिकाम्या जागांचा कॉम्प्युटर

प्रिय ठमे,

फोन करणार होते, पण बाबांची कॉट आता हॉलमध्ये आणली आहे आणि मी बाहेर जाऊन बोलले की "कुणाशी गं?" होतंच. म्हणून लिहिते.

जुन्या कॉम्प्युटरचं प्रकरण तुला ठाऊक आहे. एक ऑफिस बंद झालं, तिथली दोन वर्कस्टेशन दुकानदाराने बाबांसाठी बाजूला काढून ठेवली. लहान कॉम्प्युटर नीटनेटका, आवाज नाही, पण त्यात पुढे काही घालता येत नाही. मोठा म्हणजे पत्र्याची पेटी! पंखा लागला की पिठाची गिरणी. पण आत रिकाम्या जागा भरपूर. गेल्या महिन्यात बाबांना चालवत होतं, तेव्हा दुकानात त्याचं झाकण उघडून ते असे बघत बसले की दुकानदार म्हणाला, "साहेब, स्थळ पसंत दिसतंय!" जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले, आता एक घर असं काढायचंय, की स्क्रीनवर चारी बाजूंनी फिरवून बघता येईल. यंदा मेमरी वाढवायची, पुढच्या वर्षी चांगलं कार्ड टाकायचं, असा बेतही ठरला होता.

मग तुझा मेसेज आला. "बाबा, घरच्या कामाला लहान पुरे. वाढवायच्या नादाला लागू नका." तुझं बरोबरच आहे, तू त्यातली माहितगार. पण त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तिला सांगितलंस वाटतं." मी नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही. "असू दे. लहानच घेऊ," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर कॉम्प्युटरचा विषय नाही.

मी तुला खरंच सांगितलं नव्हतं. नवी नोकरी, परका गाव. धीर झाला नाही. डॉक्टरांनी औषधं थांबवली आहेत. आता फक्त दुखणं कमी ठेवायचं, म्हणाले. मी पुढच्या वर्षाचं विचारलं, तर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

आधी पोटभर रडून घे. मग बाबांना फोन कर आणि नेहमीसारखी भांड. म्हण, माझंच चुकलं, मोठाच घ्या, पुढच्या वर्षी येऊन कार्ड मी बसवून देते. ते तुझं ऐकतात, माझं नाही. आणि फोन ठेवलास की बॅग भर. लगेच निघ.

दाराकडे डोळे लावून बसलेली, तुझीच
आई