टगबोटीचं बिऱ्हाड

प्रिय ठमे,

वाऱ्याचे चार महिने टगबोट तुझ्या बंदरात राहणार, हे वायरलेसवर तुला कळलंच. कसं ठरलं ते मात्र वायरलेसवर सांगण्यासारखं नव्हतं. पाचही बेटं कान लावून बसलेली असतात, त्यात आमचे साहेब आलेच. म्हणून हे पत्र. मालाच्या जहाजाच्या कप्तानांनी हातात दिलं की लगेच वाच.

बैठकीला आमचे साहेब धरून पाचांपैकी चारच बंदर-अधिकारी आले, पाचवी तू; मी नेहमीसारखी नोंदी लिहायला. तुझी खुर्ची मी मुद्दाम उचलू दिली नाही. लाटांतून जहाजं ओढून आत आणणारी, पाच बंदरांत मिळून घेतलेली एकच टगबोट, आणि ती ज्याला त्याला आपल्याच दारात बांधायची होती. मला नवल वाटलं नाही. लहानपणी आपल्या दोघींत एकच सायकल होती. तिची चेन नेमकी माझ्याच दिवशी पडायची. तेव्हापासून वाटून घेण्यावर माझा फारसा विश्वास नाही. बोटीच्या पाठीवर कुठल्या बंदराचं नाव घालायचं, यावरच दुपार गेली. मिशीवाले म्हणाले, पाचही घाला की, बारीक अक्षरांत. मी म्हटलं, बोट आहे ती, लग्नपत्रिका नव्हे.

मग चष्मेवाल्यांनी टोमणा मारला, की धाकट्या बाईंना एवढी गरज आहे तर त्या आल्या का नाहीत? मी याचीच वाट बघत होते. त्यांना खिडकीशी नेलं आणि आमच्या धक्क्याला लागलेलं मालाचं जहाज दाखवलं. म्हटलं, त्यात तिच्या बेटाचं पीठ आणि औषधं आहेत. तिच्या बंदराच्या तोंडाशी लाटा अशा उसळतात की जहाज आत शिरत नाही आणि तिची लाँच बाहेर निघत नाही. आपल्या चारही बंदरांना समुद्रात बांध घातलेला आहे, तिचं बंदर उघडं. अशा आणखी दोन फेऱ्या फुकट गेल्या, तर ते बेट वगळू असं जहाजवाल्यांनी कळवलंय. मग पुढच्या वर्षी खुर्च्या चारच मांडा.

साहेब लाल झाले. म्हणाले, बाई, पगार कुठल्या बंदराचा घेता? याच बंदराचा, म्हणूनच सांगते, असं मी म्हटलं. ते बेट ओस पडलं की माणसं बोचकी घेऊन आपल्याच धक्क्यावर उतरणार आहेत. यावर चष्मेवाल्यांनी हात वर केला. मिशीवाल्यांना मी थोडं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, चौथे त्यांच्या मागोमाग. साहेबांचा हात सर्वांत शेवटी वर गेला, तोही अर्धाच. मी पूर्ण मोजला. उरलेले आठ महिने आमची चार बंदरं बोट दोन-दोन महिने ठेवतील. नाव तुझ्या बंदराचं घातलंय. रंगाऱ्याने अक्षरं तिरकी काढली होती, ती पुसून पुन्हा काढायला लावली.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, दोन घरचा पाहुणा उपाशी, मग पाच घरच्या बोटीला डिझेल कोण घालणार? मी करारातलं डिझेलचं कलम वाचून दाखवलं. तर म्हणाली, बोट वाटून घेता येते, मग मला का नाही?

ठमे, दरवर्षी तू तिला मागतेस आणि दरवर्षी मी नाही म्हणते. वाऱ्यात आजारी पडली तर दवाखान्यात आणणार कशी, हे माझं उत्तर ठरलेलं. ते उत्तर मीच त्या बैठकीत सगळ्यांचे हात वर करवून घालवलं; तिला आणायला बोट तुझ्याच दारात. तर आता जहाजाकडे बघ. कप्तानांच्या केबिनमध्ये खुर्ची अडवून बसली आहे ती आईच. आधी पत्र द्या, मग तिला उतरवा, असं मी त्यांना बजावलंय. नाहीतर तिने तुला वाचू दिलं नसतं. गुडघ्याचं औषध निळ्या पिशवीत आहे. विसरले म्हणेल, ऐकू नकोस. रेडिओ फार मोठ्याने लावते, लावू दे. इथे तो तिने कालच सामानात बांधला, तेव्हापासून मला हिशोबाचं काही सुचत नाही. वारा पडला की आई आणि बोट, दोघींनाही परत पाठव. बोट चार दिवस उशिरा आली तरी चालेल, साहेबांना मी बघून घेईन.

रागावलेली नाही, तुझीच
ताई