अंगठाभर आवाज

मास्तर, इतक्या उशिरा लिहितोय, राग धरू नका. तुम्ही गेल्याला तीस वर्षं होऊन गेली आणि मी रोज उद्यावर ढकलत आलो. सातवी नापासाचं अक्षर कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यात आता वय झालं. एवढ्या दोन ओळी लिहीपर्यंत तीनदा उठून दाराची कडी पाहून आलो. घरातल्या कुणाच्या हाती हा कागद लागला तर काय, याचीच धास्ती. पण लिहिल्यावाचून राहवत नाही. चार दिवसांपूर्वी जावयाने स्पीकरची नवी जोडी आणली. कमरेएवढी उंच, लाकूड असं की हात फिरवला तर हातच परत येत नाही. किंमत ऐकून मला घाम फुटला. जावई म्हणाला, "बाबा, तुमचा जन्म यात गेला. खरं सांगा, एवढ्या पैशांचा आवाज आहे का यात, की नुसतं रूपच?" मी उठून तारांच्या पिनाच तपासत बसलो. हाच प्रश्न भिवंडीला, आपल्या कामतघर वस्तीत, तुम्हाला विचारला होता आणि त्याचं उत्तर देताना तुमचा हात गेला.

तुमच्या दुकानात मी आलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, कापड विणायच्या लूमवरून काढून टाकलेला. तुम्ही फाटलेल्या स्पीकरांत नवा कागद भरायचात, लग्नाच्या मांडवासाठी स्पीकरचे खोके बनवायचात. चौफेर लूमचा खडखडाट, त्यात तुम्ही खोक्याला कान नाही, तळवा लावून ऐकायचात. मी एकदा गिऱ्हाइकाला दोन खोके वाजवून दाखवत होतो. जो खपवायचा होता त्याच्या आवाजाचं बटण जरासं पुढे सरकवलं. गिऱ्हाईक खूश होऊन तोच घेऊन गेलं. तो गल्लीच्या टोकाला पोचला नसेल, तोवर तुम्ही माझं मनगट टेबलावर दाबलंत आणि तारा जोडायचा तापलेला सोल्डर टेकवलात. कातडी चर्र झाली. मी ओरडलो तर तुम्ही दुसऱ्या हाताने थोबाडीत मारलीत. "जरासा मोठा वाजला की कुनालापन चांगला वाटतो. ह्ये आपल्याला ठावं हाय, त्याला न्हाय. म्हनून त्याला फशिवणार? पुन्हा केलंस तर बोट तोडीन." रडत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तुम्हीच बर्नॉल आणून ठेवलं होतं. पुढे माझ्या लग्नात लोक भांडी देत होते, तुम्ही छोट्या खोक्यांची जोडी दिलीत. ती अजून घरात आहे.

मग शेठनी ते स्पीकर आणले. शेठचे लूम आपल्या गल्लीच्या मागेच होते. आखातातून कुणाकडून तरी मागवलेली ती जोडी जोडून द्यायला आपल्याला बोलावलं. काळं चकचकीत लाकूड, समोर तलम कापड, आणि किंमत म्हणे दोन लूमची. दिवाणखान्यात शेठचे चार पाहुणे बसलेले. शेठ पान चघळत म्हणाले, "बोलो मास्टर, कैसा हय? पैसा वसूल?" तुम्ही भोवती फिरलात, बोटाचं पेर लाकडावर वाजवलंत. मी मनात म्हणतोय, मास्तर, छान आहे म्हणा आणि चला. तुम्ही म्हणता, "नवरी देखणी हाय, शेठ. पन गानं म्हनायला लावलं तर आमची बी तेवढंच म्हनते. बाकीचे पैसे दागिन्याचे." पाहुणे खो खो हसले. शेठचं पान थांबलं. "तुम्हारा प्लायवूड का डब्बा? लगी शर्त?" आणि तुम्ही, कुणी मागितलं नसताना, बोलून बसलात, "हरलो तर पुन्हा सोल्डर हातात धरनार न्हाय."

शुक्रवार ठरला, कारण शुक्रवारी लूम बंद आणि भिवंडीत त्याच दिवशी काही ऐकू येतं. शेठच्याच दिवाणखान्यात त्यांच्या लूमवरचं कोरं कापड दोरीवर टाकून पडदा केला. मागे दोन्ही जोड्या, मध्ये अॅम्प्लिफायर, आणि मी. बटण दाबलं की एक जोडी, पुन्हा दाबलं की दुसरी. पडद्यापलीकडे शेठ, त्यांचे तेच पाहुणे, आणि निवाड्याला पाच जण, सगळे लूमवर आयुष्य काढलेले. पहिला की दुसरा, ते हात वर करून सांगणार. कुठला कुठला, हे मला एकट्याला माहीत. लोक यायच्या आधी मी दोन्ही जोड्या सारख्या आवाजावर लावून तबल्याची कॅसेट वाजवून पाहिली. मास्तर, मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा वाजवली. आपल्या खोक्यांत तबला वाजत होता. त्यांच्यातून तबल्यावर ठेवलेला हात ऐकू येत होता. बोट उचलायच्या आधीची कातड्याची ओढसुद्धा. आपला तबला बंद दाराआड होता. तुम्ही तेव्हा बाहेर अंगणात विडी ओढत, कुणाला तरी हसून टाळी देत होता. मला दिसत होतं की आज तुमचा धंदा जाणार, आणि तुम्ही शब्दाला असे पक्के की खरंच सोल्डर खाली ठेवणार.

मग मी ते केलं. आपली जोडी लागली की अंगठ्याने आवाजाचं बटण जरासं पुढे, त्यांची लागली की मागे. लूमने बहिरे केलेले कान ते, त्यांना तेवढं पुरलं. पाच वेळा वाजवलं, पाचही वेळा हात आपल्या बाजूने. कापड खाली ओढलं तेव्हा तुम्ही खोक्याला मिठी मारलीत आणि ओरडलात, "सांगितलं हुतं! दागिने, नुसते दागिने!" पाहुण्यांतला एक शेठला म्हणाला, "शेठ, दोन लूम बेच के नथनी ली क्या?" शेठनी पान थुंकलं. त्यांचा भाचा उठला. तारा ओढून पाहिल्या, अॅम्प्लिफायर उलटा केला. माझी मान धरून भिंतीवर डोकं आपटलं. "तूने क्या किया, बोल!" डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडात रक्त आलं, आणि मी म्हणालो, "मला काय माहीत, जोडणी मास्तरांनी केली."

तेवढंच म्हणालो. त्याने मान सोडली आणि कोपऱ्यातला लूमचा लाकडी दांडा उचलला. पहिल्या घावात एक खोका फुटला. दुसऱ्यात आतला कागद फाटून बाहेर आला. तुम्ही पळायला हवं होतं, मास्तर. दुसरा खोका वाचवायला तुम्ही त्याच्यावर आडवे पडता, उजवा हात वरच्या कडेवर, आणि दांडा तिथेच उतरतो. एकदा नाही. पाहुणे उठून निघून गेले, चपला शोधत. तुम्ही किंचाळत होता, पण शब्द काय होते? "तोड, तोड! जिकला त्यो जिकला!" बोटं कापडासारखी लोंबत होती. कोऱ्या कापडावर रक्त पसरत होतं आणि मी त्या कापडाच्या कडेला तार धरून उभा होतो.

पुढे दोन वर्षं तुम्ही डाव्या हाताने जेवलात. भात अंगावर सांडला की काकी पुसायच्या, तुम्ही त्यांच्यावर खेकसायचात. सोल्डर पुन्हा धरता आलाच नाही. हरला असतात तरी तेच, जिंकलात तरी तेच. आल्यागेल्याला मात्र सांगायचात, "हात गेला तर गेला, परदेशी मालाला पानी पाजलं." मी मान हलवायचो. शेवटच्या दिवशी काकी पाणी आणायला गेल्या तेव्हा तुम्ही डाव्या हाताने माझं मनगट धरलंत आणि त्या जुन्या डागावर अंगठा फिरवत राहिलात.  तेव्हापासून मी हाच एक विचार करतोय. तुम्हाला कळलं होतं का?

नव्वद सालानंतर शेठनी लूम विकून जवळच्या दापोड्याला गोदामं बांधली. तो भाचा एक दिवस टेम्पोतून तीच जोडी, तुमच्यामागे मी चालवायचो त्या दुकानात टाकून गेला. मला ओळखलंही नाही. म्हणाला, "चले तो ठीक, नहीं तो फेंक दे." मी दार लावून कुऱ्हाड घेतली. आतून भुसा निघेल, स्वस्त पत्रा निघेल, तुमचं म्हणणं खरं ठरेल, म्हणून मी ती खांडोळी केली. मास्तर, आत प्रत्येक सांधा कानशीने घासलेला होता. जिथे कुणी कधी बघणार नाही तिथे आडव्या फळ्या बसवलेल्या, लोकर हाताने चिमटून भरलेली, सोल्डरचे टाके देवळातल्या ज्योतीसारखे नितळ. बाहेरच्या लाकडापेक्षा आतलं काम देखणं होतं. तुम्ही पाहिलं असतंत तर त्या माणसाच्या पाया पडला असतात. पैसे दागिन्याचे नव्हते. सगळे नाही म्हणणार मी, दोन लूमची किंमत मला अजून जास्तच वाटते, पण दागिन्याचे नव्हते. मी कुऱ्हाड टाकली आणि भिंतीवर स्वतःचंच डोकं आपटलं.

हे सगळं जावयाला सांगता आलं असतं. तो म्हणाला, "चला बाबा, तुमच्या मास्तरांचे खोके आणि हे, दोन्ही लावू. सगळ्यांनी डोळे मिटा." जोडी बदलायचं आणि आवाजाचं बटण माझ्या हातात दिलं. मला पुन्हा तो दाराआडचा तबला ऐकू आला, आणि खरं सांगतो, मी ठरवलं नव्हतं, पण तुमचे खोके लागले तसा अंगठा तेवढाच पुढे सरकला. मुलगी म्हणाली, "जुनेच बरे की." जावयाचा चेहरा पडला. तो आता नवी जोडी परत करणार आहे. दुकानदाराने आठ दिवस दिलेत, त्यातले चार गेले.

हे पत्र मी तुमच्या खोक्याच्या मागच्या भोकातून आत टाकून ठेवणार आहे, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. जावयाला खरं सांगू की तुम्हाला जिंकलेलंच राहू देऊ? तुमचा डाग मनगटावर आहे, त्यावरून काहीच वाचता येत नाही. काही कळवता आलं तर लवकर कळवा, मास्तर. चारच दिवस आहेत.