पलीकडचा टीव्ही

६ जानेवारी, सोमवार

टीव्ही आला! त्रेचाळीस इंची. भिंतीपलीकडे राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने, काकासाहेबदादाने, दिवाळीत घेतला तोच – तीच कंपनी, तेच माप. साधना म्हणाली, "एखादा इंच तरी मोठा घ्यायचा व्हता." दुकानात नव्हता, नाहीतर घेतलाच असता.

रविवारी नातीचं बारसं. आकांक्षा जर्मनीत, आम्ही दोघं जाफराबादेत. मोबाईलवर नातीचं तोंड सुपारीएवढं दिसतं. आता ऐसपैस बघणार.

८ जानेवारी

आकांक्षाने फोनवर शिकवलं. लॅपटॉपवरचं टीव्हीवर आणायला वायर लागत नाही म्हणे. यादी उघडायची, टीव्हीचं नाव दाबायचं. उघडली – एकच नाव दोनदा! घाईत माझं बोट दोनदा पडलं असणार. वरचं नाव दाबलं. बराच वेळ गोल फिरलं, मग 'जोडले' असं आलं. टीव्ही निळाच्या निळा.

साधना म्हणाली, "परत करा ते खोकं."

१० जानेवारी

दादाला बारशाचं सांगायला त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तीन वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. आकांक्षाच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव माझ्या मेहुण्याच्या खाली छापलं गेलं. छापण्याआधी मीच तपासलं होतं! तेव्हाच पाय धरायचे, तर मी म्हणालो, "त्यात काय एवढं?"

बारशाला तो हवा होता. फार हवा होता.

१२ जानेवारी, रविवार

काय दिवस गेला!

पाच वाजता गल्लीतल्या सहा बायका नटून हजर. लॅपटॉपवर 'जोडले', टीव्ही निळा. शेवटी साताठ डोकी लॅपटॉपवरच वाकली. चित्र दिसतंय, पण आवाज गायब. पाळणा म्हणताना जर्मनीतल्या बायकांची नुसती तोंडं हलतायत. साधना माझ्याकडे अशी बघत होती की मी टीव्हीमागे जाऊन उगाच पिना हलवत बसलो.

तिथे भिंतीला कान लागला. पलीकडून पाळणा ऐकू येत होता! आमच्या आकांक्षाचा आवाज, दादाच्या घरातून!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. यादीतली दोन नावं म्हणजे दोन टीव्ही. आमचं बारसं दादाकडे चाललेलं. तोडायला हात पुढे केला, तेवढ्यात वहिनींचं बोलणं आलं, "नाक तर बराबर आपल्या घरचं हाय बगा." आणि दादा खोकला. तो खोकला मी झोपेतही ओळखेन.

हात मागे घेतला. नातीचं नाव मी भिंतीतून ऐकलं – चिन्मयी.

१३ जानेवारी

संध्याकाळी सातला आकांक्षाचा रोजचा फोन. मुद्दाम वरचंच नाव दाबलं. साधनाने विचारलं, "अन् आपला टीव्ही?" मी म्हणालो, लॅपटॉपला एवढंच जमतं. ती उठली. खुर्ची भिंतीला लावून बसली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ पाठवायचं धाडस झालं नाही. चिन्मयीचं आंघोळीचं रडणं पाठवलं.

१७ जानेवारी

रोज सातला पाठवतोय. दादाला वाटत असेल, टीव्ही आपोआपच लागतो. त्याला पत्ता नाही आणि मी त्याच्या घरात नात सोडून येतोय! भारी मजा वाटते. चोरीच आहे म्हणा.

१९ जानेवारी, रविवार

साधनाने आज ऐकलंच नाही. "आठवडा झाला, मी भिंतीतून नात ऐकून राह्यले. आपला टीव्ही लावा." दुपारी पहिल्यांदाच खालचं नाव दाबलं. आमच्या टीव्हीवर पाटी आली: 'रामप्रसाद यांचा लॅपटॉप जोडू इच्छितो. परवानगी द्यायची?' रिमोटवर 'हो' दाबेपर्यंत काही हलेना. तोडून पुन्हा लावलं, पुन्हा विचारलं. दर वेळी विचारतो.

वहिनी संक्रांतीपासून राजूरला माहेरी आहेत. घरात दादा एकटा. म्हणजे रोज सातला तिकडे 'हो' दाबणारा तोच.

साधनाला म्हटलं, माझा चहा टाकू नको. दादाकडे घेतो.